चिंधीतलं बोट

आमच्या घरात एक बोट असं होतं, ज्याला कुणी काम सांगायचं नाही. दादांच्या उजव्या हाताची तर्जनी. दादा म्हणजे माझे वडील. नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांनी जन्मभर हमाली केली. हळद, तूर, सोयाबीन, जे येईल ते पाठीवर घेतलं. तळहात असे झाले होते की चुलीतला निखारा उचलून बाजूला ठेवला तरी चेहऱ्यावर फरक पडायचा नाही. पण कामाला निघताना ते या एका बोटाला खोबरेल लावायचे आणि जुन्या धोतराची मऊ चिंधी गुंडाळायचे. पोत्यात आकडा मारताना हे बोट मुठीतून वर, वेगळं. नव्या माणसाला वाटायचं, जखम झालीय. जखम नव्हती. ते बोट माशांसाठी राखून ठेवलेलं होतं.

मोंढा सुटला की घरी येऊन ते हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मग चिंधी सोडायचे. आतून बोट निघायचं ते तान्ह्या लेकराचं असावं तसं. फिकट, गुळगुळीत, जरा सुरकुतलेलं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "नवी नवरी बी कुनी एवढी जपत न्हाई."

"नवरी बोलती," दादा म्हणायचे. "हे गुमान काम करतं."

जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला गोदावरी जरा पसरते. पसरली की तिची चाल मंदावते आणि संध्याकाळी तर ती वाहते की थांबली हे सांगता येत नाही. तिथं काळ्या खडकाचा एक उतार पाण्यात गेलाय, वर दोन-चार बाभळी. दादांची जागा ती. त्यांच्याकडं काठी नव्हती, रीळ नव्हतं. लाकडी फळीवर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, टोकाला शिशाचं वजन आणि गळ. गळाला कणकेचा आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा. गोळा पाण्यात सुटू नये म्हणून त्यात पिंजलेला कापूस मळायचा. डोक्यावरून गरगर फिरवून सोडलं की वजन नदीच्या पार आत जाऊन बुडायचं. मग दोरी त्या राखलेल्या बोटावर घ्यायची आणि डोळे मिटायचे.

हातदोरीवाल्याचं सगळं कामच मिटल्या डोळ्यांचं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, गढूळ पाण्याच्या तळाशी काय चाललंय ते बोटानं ऐकायचं. लहान असताना मी शेजारी बसून विचारायची, आता काय होतंय, आता काय होतंय. दादा हळू आवाजात सांगायचे, जागं कुणी होऊ नये अशा आवाजात. "चिलापी टोच्या मारती, चिमणीवाणी. तिकडं ध्यान द्यायचं न्हाई. वाम दोरीला आंग घासती, लाडात आल्यावाणी. कासव आलं तर जड, मुर्दाड जड. आन रोहू..." इथं ते थांबायचे. "रोहू वढतच न्हाई. त्यो चोखतो. दोरी हलकी होती, बस. पलीकडून कुनी श्वास घेतल्यावाणी."

तो श्वास कळला की मनगटाचा एक हिसका. आधी दिला तर गळ रिकामा, नंतर दिला तरी रिकामा. आणि हिसका द्यायच्या जरा आधी दादा डोळे न उघडता नाव घ्यायचे. "रोहू." काठावर बसलेली सगळी मंडळी कान देऊन असायची. थोड्या वेळानं खरंच रोहू वर यायचा, संध्याकाळच्या उजेडात तांबूस, तोंड उघडमीट करत.

मोंढ्यात दादांना कुणी काही विचारत नव्हतं. पोतं कुठं टाकायचं ते दुसरं कुणी सांगायचं. पण त्या काठावर दादा म्हणाले आज नको, पाणी गढूळ हाय, तर माणसं आपापल्या पिशव्या उचलून घरी जायची.

त्यांच्या शब्दापुढं बोलणारा एकच माणूस होता. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर. ते तरंग्यावर मासे धरायचे. लांब बांबूची काठी, दोरीला मोरपिसाच्या देठाची कांडी, ती पाण्यावर उभी तरंगायची. त्यांची सगळी हुशारी डोळ्यात. आधी पाण्याची खोली मापायची, मग गळ तळापासून जरासा वर राहील अशी कांडी सरकवायची, वारा आला तर कुठल्या बाजूनं आला ते बघायचं. कांडी नुसती थरथरली तर बारकी मासळी. बुडाली तर कुणीतरी घेतलं. पण कधी कधी कांडी बुडायच्या ऐवजी आडवी होते, पाण्यावर निजल्यासारखी. खालून मासा चारा उचलून वर येतो म्हणून दोरीचा भार जातो. नवशिका ते बघत बसतो आणि कंडक्टर तेवढ्यात काठी उचलून मोकळे होतात. दुपारभर त्या एका रेघेकडं पापणी न हलवता बघायची त्यांची ताकद मी कुणात पाहिली नाही. ते म्हणायचे, गाडीत खच्चून माणसं असली तरी बिनतिकिटाचा कुठला ते मला मानेवरून कळायचं.

"झोपा काढून मासे मिळायचे असते ना भाऊ, तर आमच्या डेपोनं गोदावरी रिकामी केली असती," ते दादांना म्हणायचे.

"तुमी तिकिटं फाडा," दादा मिटल्या डोळ्यांनी. "तुमाला वरची गर्दी दिसती. खालची न्हाई."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणी न विचारताही सांगते आणि सांगताना आवाज लहान करत नाही. दादांच्या पाठीवरच्या पोत्यांतून माझी फिजिक्सची एम.एस्सी. आली आणि मी लातूरला ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले. लातूरला टँकरच्या पाळीशी पाण्याचा संबंध संपतो असं मी समजून होते. पण कॉलेजचे ग्रंथपाल सर दर रविवारी एक लांब पिशवी घेऊन मांजरा धरणाच्या फुगवट्याकडं जातात हे कळलं. एकदा मी म्हटलं, सर, मलाही यायचंय. ते जरा गोंधळले. बाईमाणूस गळ टाकायला येते म्हणते, हे त्यांच्या कुठल्याच कपाटात बसत नव्हतं. पण त्यांनी नेलं.

त्यांचा प्रकार तिसराच. रीळ लावलेली हलकी काठी आणि गळाला रबरी बेडूक. चारा नाही, वास नाही, सगळं सोंग. जलपर्णीच्या पसाऱ्यात कुठं ताटाएवढं मोकळं पाणी असतं, बरोबर त्यात बेडूक टाकायचा आणि तो जिवंत वाटेल असा ओढत आणायचा. थोडं ओढा, थांबा. पुन्हा थोडं. जीव धोक्यात असलेला बेडूक जसा थांबतो तसं थांबायचं. इथं हुशारी मनगटात असते आणि त्याहून जास्त, मासा कुठं असेल हे मनात आणण्यात. फेकलेल्या वस्तूचा मार्ग मी फळ्यावर काढून दाखवते, पण तो मनगटात यायला अख्खा हिवाळा गेला. तोवर माझ्या गळानं काठच्या बाभळीच धरल्या.

मरळ आली की जलपर्णी फुटते. अक्षरशः फुटते, हिरवी पानं उडतात आणि बेडूक नाहीसा होतो. तुमचा हात आपोआप वर जायला बघतो. जाऊ द्यायचा नाही. मरळीला तोंड मिटू द्यायचं, वळू द्यायचं, मग ओढायचं. "मॅडम, घाई नको," सर म्हणायचे. "तिनं पुस्तक नेलंय. उघडून तरी बघू द्या." मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका पाण्यावर फिरताना दिसला, तर मात्र सर काठी खाली ठेवून नुसते बघत बसायचे. खाली आईबाप राखणीला असतात, तिथं गळ टाकायचा नाही. आणि धरलेली मरळही ते ओल्या हातानं सोडून द्यायचे.

माझे लातूरचे घरमालक उदगीरकडचे, किराण्याचे व्यापारी, कपाळाला ठळक भस्म. त्यांच्या घरात अंडंही चालत नाही. पिशवीतली काठी बघून त्यांनी मला जिन्यात गाठलं. मी सांगितलं, काका, मासा घरी आणत नाही, सोडून देतो आम्ही.

"मंग धरताव कामून?"

मी म्हटलं, "भेटायला."

ते आत गेले आणि काकूंना कन्नडात काहीतरी म्हणाले. दोघं मिळून बराच वेळ हसले. भाडं मात्र वाढवलं नाही.

दादांचं मत आणखी वेगळं. "खोटं खायला घालता आन सोडून बी देता. त्या माशानं घरी जाऊन सांगावं तरी काय?"

दादांची हमाली सुटली, शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. नदी सुटली नाही. चिंधीही नाही. पोती नसली तरी ते दिवसभर बोटाला चिंधी बांधून ठेवायचे, सवयीनं. मी पंधरवड्यातून एकदा लोह्याच्या रस्त्यानं एसटीनं नांदेडला यायची आणि दादांबरोबर खडकावर बसायची. तरणी झाल्यावर बसले तेव्हा काठानं तोंडं वाकडी केली होती. नोकरी लागल्यावर बसले तेव्हा तीच तोंडं "मॅडम" म्हणायला लागली.

मागचा पावसाळा सरला आणि दादांनी काठावर जाहीर केलं, "पाणी मेलंय."

मासा राहिला नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. वाळू उपसून तळ गेलाय, वरून धरणाचं पाणी कधी सोडतात कधी न्हाई, शहराची घाण येऊन राह्यलीय. एकेक कारण खरं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. आणि शब्द दादांचा. कंडक्टरांसकट सगळा काठ उठला आणि पुलाच्या वरच्या अंगाला, गोट्यांच्या पट्ट्यात जाऊन बसला. तिथं त्यांना थोडेफार मासे लागले. मग तर दादांचं म्हणणं पक्कंच झालं.

मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा खडकावर दादा एकटे होते. नदीवर धुक्याची पातळ साय. पलीकडच्या तीरावरची झाडं आहेतही आणि नाहीतही. इतकी शांतता त्या जागेवर मी कधी ऐकली नव्हती.

"सगळे गेले, तुम्ही कामून बसलात?" मी विचारलं.

"मासा परतला तर कळायला कुनी तरी पाह्यजे का न्हाई?"

दोरी बोटावर, डोळे मिटलेले. मी खालच्या पायरीसारख्या खडकावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी दोरी ओढून घेतली, चारा बदलायला. गळ रिकामा होता. "विरघळला," ते म्हणाले आणि नवा गोळा लावायला लागले. मी गळाकडं बघत राहिले. कणीक पाण्यात विरघळते हे खरं. पण कापूस विरघळत नाही. नुसतं पाण्यानं गेलं असतं तर कापसाचा फुगोरा गळाला अडकून राहिला असता. गळ धुऊन पुसल्यासारखा लख्ख होता. पुढच्या वेळी तसाच. त्याच्या पुढच्या वेळीही. कुणीतरी खाली बसून निवांत जेवत होतं.

दादांच्या बोटापासून निघालेली दोरी माझ्या गुडघ्याजवळून पाण्यात जात होती. मी काय करतेय हे मलाच नीट कळत नव्हतं, पण मी नखानं ती हलकेच टोचली. चिमणीवाणी, टक टक. दादा हलले नाहीत. चिलापीकडं ते ध्यान देत नाहीत, असं मी मनाला सांगितलं. मग दोन बोटांत धरून दोरी घासली, वामीसारखी. काही नाही. मग मी दोरी जराशी वर उचलली, भार काढून घेतला आणि तशीच धरून ठेवली. पलीकडून कुणी श्वास घेतल्यावाणी.

मागं वळून पाहिलं. दादांचे डोळे मिटलेले होते. चेहरा धुक्यासारखाच, शांत, कुठंतरी लांब लागलेला. ते मन लावून ऐकत होते आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

मी दोरी सोडली आणि नदीकडं तोंड करून बसले.

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन विचारलं. ते म्हणाले, शुगरनं बारीक नसा जातात, पायाच्या आणि हाताच्याही बोटांची जाण जाते. शुगर आटोक्यात ठेवा, पुढं जाणार नाही. गेलेली परत येईल असं मात्र सांगवत नाही. मी विचारलं, फक्त बोटांचीच? ते म्हणाले, लांबच्या टोकांची आधी.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई पदरानं ताट पुसत राहिली. म्हणाली, "त्यांना ठाव असंल."

"ठाव असून असं बोलतील?"

"तू सांगून बघ मग."

मी सांगू शकले नाही. बोट गेलं हे एक वेळ सांगता आलं असतं. पण "पाणी मेलंय" हा शब्द त्यांनी सगळ्या काठाला दिला होता आणि सगळा काठ त्या शब्दावर उठून गेला होता. आयुष्यात त्यांच्या शब्दावर माणसं उठत-बसत होती ती एवढ्याच एका जागी. बोट खोटं ठरलं तर तो शब्दही खोटा ठरत होता. ते माझ्या तोंडून व्हायला नको होतं.

मग मी आडून आडून सुरू केलं. म्हटलं, दादा, मला तरंग्यावर शिकायचंय, तुम्ही कांडीकडं बघा, मी काठी धरते. ते बघायला बसले. कांडी उभी, पाणी संथ, वर उन्हाचे कवडसे. थोड्याच वेळात त्यांचे डोळे मिटले. जन्मभर नदीकाठी जे केलं तेच ते डोळे करणार. कांडी आडवी झाली, बुडाली, गेली. माझी रिळाची काठी दिली तर म्हणाले, ह्ये ढेकळं फेकून पाखरं हाकलल्यावाणी झालं. काठीच्या शेंड्याला घुंगरू बांधून बघू म्हटलं, मासा लागला की वाजेल. त्यावर ते माझ्याकडं असे बघायला लागले की मी घुंगरू गुपचूप पिशवीत टाकलं.

"घुंगरू बैलाला बांधत्यात," दोरी फळीवर गुंडाळताना ते म्हणाले. म्हणजे मी हे सगळं कशासाठी करतेय ते त्यांना कळलं होतं.

थंडीत मी पुन्हा आले. सकाळची वेळ, गोदावरीतून वाफा निघत होत्या आणि त्यांत ऊन मिसळत होतं. समोर नदी आहे की नुसता उजेड, ते डोळ्यांना ठरवता येत नव्हतं. दादांनी दोरी आत टाकली होती. मी जरा बाजूला माझी काठी जुळवत होते. डब्यातली कणीक सैल पडली होती, गोळा हाताला चिकटत होता. त्यात कोरडं पीठ मळायला दोन्ही हात हवे होते, म्हणून दादांनी दोरी ओठांत धरली आणि मळायला लागले.

मळता मळता त्यांचे हात थांबले.

मी बघितलं. दादा ताठ बसले होते. डोळे मिटलेले, पिठाचे हात हवेत. मला वाटलं, ठसका लागला. "दादा? पाणी देऊ?"

त्यांनी भुवया वर केल्या. मिटल्या तोंडातून "ऊं... ऊं..." असं काहीतरी. मी धावत गेले. त्यांनी पिठाच्या हातानं मला थांबवलं, तिथंच, हलू नको असं. मग एकदम त्यांचं तोंड उघडलं, "रोहू!" आणि दोरी ओठांतून सुटून खडकावर पडली. कुणीच हिसका दिला नाही. कोण देणार, दोघांचेही हात भलतीकडंच.

"रोहू व्हता," दादा म्हणाले. ओठ चाचपत होते. "चोखून राह्यलता. माय... अजून हाय बग इथं. ओठात हाय."

त्यांनी गोळा लावला, दोरी टाकली. या वेळी पाण्याकडची दोरी ओठांत आणि मागची डाव्या हातात. पण इथं सगळंच नवं होतं. ओठानं कळायचं, हातानं ओढायचं आणि त्याच घडीला तोंड उघडायचं. एकानं उशीर केला तरी फसलं. पहिल्यांदा तोंड उघडायचं राहिलं आणि तंगुसानं ओठ कापला. मी रागावले. ते रक्त पुसत हसत होते. दुसऱ्यांदा तोंड आधी उघडलं, कारण नाव घ्यायची सवय. गोदावरीचं ते पाणी तोंडात जातंय म्हणून मी उकळलेल्या पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन दोरी पुसत बसले. आता सांगायला हसू येतं, पण तेव्हा मी पूजेला बसल्यासारखी गंभीर होते. ऊन वर आलं, वाफा विरल्या आणि दादांनी एक रोहू बाहेर काढला. फार मोठा नव्हता. पाण्याच्या कडेला त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, बघत राहिले. मला वाटलं पिशवीत टाकतील. त्यांनी तो हातातच ठेवला, फळी काखेत मारली आणि पुलाकडं चालायला लागले.

"घर इकडं आहे," मी म्हटलं.

ते चालत राहिले. पुलाखालून वरच्या अंगाला, गोट्यांच्या पट्ट्यात. तिथं सगळी मंडळी आपापल्या काठ्यांशी बसली होती. बसायला सरळ जागा नाही, एकेकाचं अंग वाकडं. दादा कंडक्टरांपुढं जाऊन उभे राहिले. ओठाला रक्त, हातात रोहू.

"खालचाय," दादा म्हणाले. "खडकाचा."

कंडक्टरांनी कांडीवरची नजर काढली. त्यांनी नजर काढलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. "परतला म्हना की मासा."

दादा म्हणाले असते "हाव", तर सगळं तिथंच निभावलं असतं. शब्द राहिला असता. मी मनात म्हणत होते, म्हणा ना, म्हणा.

"मासा कुठं गेलाच न्हवता," दादा म्हणाले. "माझं बोट गेलंय. पाणी जित्तंय."

नदीचा गोट्यांवरून जाणारा बारीक आवाज तेवढा. मग कंडक्टर हळूहळू उठले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आमी सगळे इतके दिवस या गोट्यांवर ढुंगणं झिजवून राह्यलो, ते तुमच्या एका बोटापायी?"

"हाव."

"आन तुमी तिथं सपाट खडकावर एकटे, पाय पसरून?"

"हाव."

"ह्या माणसाला कुनी तरी आमच्या डेपोचा साहेब करा रे!" कंडक्टर ओरडले आणि सगळा काठ हसला. दादाही हसले. हसताना ओठ ताणला म्हणून कळवळले आणि परत हसले.

"मंग बोट गेलं तर ह्ये धरलं कशानं?" कुणीतरी विचारलं.

दादांनी करून दाखवलं. दोरी ओठांत, हात डावा, डोळे बंद. त्यावर तर कुणाला आवरेना. बिडी कशी वढता मग? सोडली. वहिनीला काय वाटत आसंल? तिला बरं वाटून राह्यलंय, घरात गप बसायची सवय लागली. कंडक्टरांनी स्वतः एक दोरी घेऊन ओठांत धरून बघितली आणि थूः करून सोडली. "मिशी मधी येऊन राह्यली," ते म्हणाले. पण जायच्या आधी त्यांनी दादांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, ते चिंधीतलं बोट उघडून बघितलं, दाबलं. "कळतंय?" "न्हाई." त्यांनी चिंधी परत गुंडाळून दिली.

सगळे काही परतले नाहीत. काहींना वरची जागा मानवली होती. कंडक्टर मात्र दुसऱ्याच दिवशी बांबू घेऊन खडकावर हजर. दादांच्या शब्दाला आता ते लगेच मान हलवत नाहीत. आधी म्हणतात, बोटानं सांगताव का ओठानं?

आता मी नांदेडला जाते तेव्हा खडकावर दादांच्या शेजारी बसते. तोंडात दोरी असल्यामुळं त्यांना बोलता येत नाही. पूर्वी तेच हळू आवाजात सांगायचे, आता तेवढा वेळ नदीच बोलते. संध्याकाळ होते, पाणी आणि आभाळ एका रंगाला येतात, पुलावरच्या गाड्यांचे दिवे पाण्यात लांब होत जातात. मग कधीतरी दादांच्या भुवया जराशा वर सरकतात. खाली कुणीतरी आलंय.

"चिलापी?" मी हळूच विचारते.

ते मान हलवतात. नाही.

"वाम?"

डोळे मिटलेलेच. मान पुन्हा तशीच हलते आणि मी तिसरं नाव घेणार एवढ्यात त्यांचं तोंड उघडतं.